सोलापूरच्या स्थानिक इतिहासासाठी अनुदान : यादीपासून उपयोगिता प्रमाणपत्रापर्यंत

सोलापुरात जुन्या कागदपत्रांचा विषय निघाला की बैठकीतला पहिला प्रश्न ठरलेला असतो : "यासाठी सरकारकडून काही मिळते का?" मिळते. केंद्राकडून मिळते, राज्याकडून मिळते, कंपन्यांकडून मिळते आणि काही खासगी प्रतिष्ठानेही देतात. मात्र देणाऱ्याचा पहिला प्रश्न निराळा असतो. तुमच्याकडे नेमके काय आहे, किती आहे, कोणाच्या मालकीचे आहे आणि आज कोणत्या स्थितीत आहे, हे त्याला आधी हवे असते. आपल्याकडचे बहुतेक अर्ज या प्रश्नापाशीच अडतात, असे एका वाचनालयाच्या आणि दोन लहान मंडळांच्या अर्जांवर काम करताना माझ्या लक्षात आले.

पूर्व भागातील एका बंद पडलेल्या हातमाग कारखान्याच्या माळ्यावर आम्हाला पत्र्याच्या ट्रंकेत सात चोपड्या सापडल्या. हिशेब तेलुगूत होता, समासात मधूनमधून मोडी वळणाची मराठी नावे होती आणि एका पानावर नमुन्यादाखल चादरीच्या काठाची बोटभर पट्टी खळीने चिकटवलेली होती. त्या पट्टीचा लाल रंग अजून टिकून होता. शेजारच्या पानाची मात्र वाळवीने चाळण केली होती. उत्साहाच्या भरात आम्ही पहिला अर्ज लिहिला. त्यात शिवयोगी सिद्धरामेश्वरांपासून १९३० च्या मार्शल लॉपर्यंत तीन पाने शहराचा गौरव होता आणि चोपड्यांविषयी दोन ओळी होत्या. तो अर्ज फेटाळला गेला आणि आज वाचताना मलाही ते योग्यच वाटते. दुसऱ्या खेपेस आम्ही गौरवाची तीन पाने काढून टाकली आणि त्या जागी एकेचाळीस नोंदींची यादी जोडली.

यादी कशी करावी

यादी करायला अनुदान लागत नाही. शंभर पानी वही, मोजपट्टी, मऊ ब्रश आणि मोबाइलचा कॅमेरा एवढ्यावर ते काम सुरू होते. प्रत्येक वस्तूला क्रमांक द्यावा आणि पुढे प्रकार, भाषा व लिपी, पानांची संख्या, अंदाजे काळ, स्थिती, सध्याचे ठिकाण, मालक आणि पाहिल्याची तारीख लिहावी. आमच्या वहीतील एक नोंद अशी होती : "क्र. ३. हिशेबाची चोपडी. तेलुगू, क्वचित मोडी. २१२ पाने. १९३४ ते १९३७. शिवण सुटलेली, पहिली १८ पाने वाळवीने खाल्लेली, उरलेली वाचता येतात. ट्रंकेत, माळ्यावर." परीक्षकाला एवढ्या ओळींतून कामाचा आवाका कळतो, खर्चाचा अंदाज येतो आणि अर्जदाराने वस्तू स्वतः हाताळली आहे याची खात्री पटते. "सुमारे दोनशे दुर्मीळ ग्रंथ" या वाक्यातून त्याला यातले काहीच कळत नाही.

क्रमांक पेन्सिलने घालावा, शाईने कधीही घालू नये. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नये आणि कोणी कितीही आग्रह केला तरी लॅमिनेशन करू नये, कारण त्यातून कागद पुन्हा सुखरूप सोडवता येत नाही. मोडी कागदांचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, सोडवण्यापूर्वी आहेत तसे छायाचित्र घ्यावे. कागद कोणत्या क्रमाने बांधले होते हीदेखील माहितीच असते, आणि गाठ सुटली की ती कायमची जाते.

सोलापुरात भाषेचा रकाना विशेष काळजीने भरावा लागतो. एकाच वाड्यात मोडीतले मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू आणि एखादी फारसी सनद असे सगळे एकत्र सापडणे येथे नवलाचे नाही. लिप्यंतर करणारा माणूस प्रत्येक भाषेसाठी वेगळा लागतो आणि त्याचा दरही वेगळा असतो. हे यादीत आधी दिसले नाही, तर अंदाजपत्रक निम्म्या वाटेवर कोलमडते.

अर्ज कोणाच्या नावाने करावा

व्यक्तीला थेट मिळणारी अनुदाने मोजकी आहेत. बाकी सगळीकडे नोंदणीकृत संस्था लागते. महाराष्ट्रात ती सामान्यतः १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली धर्मादाय कार्यालयात नोंदलेली असते. त्याखेरीज संस्थेचा पॅन, ज्याला आपण सवयीने १२-ए आणि ८०-जी म्हणतो त्या प्राप्तिकराच्या नोंदण्या, नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवरील क्रमांक आणि मागील तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब तयार ठेवावेत. घटनेच्या उद्दिष्टांमध्ये इतिहास, संस्कृती, ग्रंथालय किंवा शिक्षण यांचा स्पष्ट उल्लेख आहे का, हे एकदा उघडून पाहावे. केवळ गणेशोत्सवासाठी नोंदलेल्या मंडळाला या वळणावर थांबावे लागते.

आमची एक फसगत सांगण्यासारखी आहे. धर्मादाय कार्यालयाच्या दाखल्यावर आमच्या नावात "सार्वजनिक" हा शब्द होता आणि बँकेच्या पासबुकावर तो नव्हता. एवढ्या एका शब्दापायी मंजूर झालेला पहिला हप्ता परत गेला, आणि फेरफार अर्ज (धर्मादाय कार्यालयातील नोंदीत बदल करण्याचा), ठराव, बँकेचे पत्र असे सोपस्कार पूर्ण होईपर्यंत आर्थिक वर्ष संपले. नावातले "श्री", अनुस्वार, इंग्रजी वर्णलेखन हे सारे दाखल्यावर, पॅनवर, पासबुकावर आणि दर्पणवर अक्षरशः एकसारखे आहे का, हे अर्जाआधी चारही कागद शेजारी ठेवून तपासावे. फेरफार अर्ज वर्षानुवर्षे प्रलंबित असेल आणि जुन्या विश्वस्तांचीच नावे पटावर असतील, तर आधी तो विषय मार्गी लावावा.

ज्यांची संस्था नवी आहे किंवा मुळीच नाही, त्यांनी घाईने संस्था काढण्यापेक्षा एखाद्या जुन्या मान्यताप्राप्त वाचनालयाशी, महाविद्यालयाशी किंवा विद्यापीठाशी लेखी करार करून त्यांच्या नावाने अर्ज करणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. करारात मूळ वस्तू कोणाकडे राहतील, डिजिटल प्रती कोणाच्या असतील आणि श्रेय कसे दिले जाईल, हे तीन मुद्दे नक्की असावेत. तोंडी बोलणे पैसे येईपर्यंतच टिकते.

परवानगीचा प्रश्न

वस्तू आपल्या ताब्यात असणे आणि ती आपली असणे यांत फरक आहे. कागद घरगुती असतील तर मालकाचे संमतिपत्र घ्यावे. भावकीत वाटणी झालेली नसेल तर सर्वांच्या सह्या घ्याव्यात. एका चुलत्याची सही राहिली म्हणून काम थांबल्याचे मी पाहिले आहे. शंभर वर्षांपेक्षा जुन्या मूर्ती, नाणी, ताम्रपट आणि पंच्याहत्तर वर्षांपेक्षा जुनी महत्त्वाची हस्तलिखिते १९७२ च्या पुरावस्तू कायद्याच्या कक्षेत येतात, त्यामुळे त्यांची खरेदी-विक्री किंवा परदेशी रवानगी या भानगडीत पडू नये.

वास्तूंच्या बाबतीत नियम आणखी कडक आहेत. सोलापूरचा भुईकोट किल्ला केंद्रीय संरक्षित स्मारक आहे. अशा स्मारकाच्या भिंतीला कोणत्याही स्वयंसेवी संस्थेने परस्पर चुना लावायचा नसतो. संरक्षित हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम करण्यास मनाई आहे आणि त्यापुढील २०० मीटरच्या पट्ट्यात आधी परवानगी घ्यावी लागते. किल्ल्याच्या डागडुजीसाठी अनुदान मागणारे अर्ज दरवर्षी निघतात आणि दरवर्षी वाया जातात. त्याच किल्ल्याविषयी शालेय मुलांसाठी मार्गदर्शित फेरी, नकाशा किंवा छायाचित्रसंग्रह करायचा असेल, तर मात्र वाट बरीच मोकळी आहे. राज्य संरक्षित स्मारकांसाठी राज्याच्या पुरातत्त्व विभागाची "महाराष्ट्र वैभव" ही संगोपन योजना आहे. तिच्यात संस्था किंवा कंपनी स्मारकाच्या देखभालीची जबाबदारी स्वीकारते. ही योजना पैसे देणारी नसून आपल्याकडून खर्च करवून घेणारी आहे, हे समजून मगच तिकडे जावे.

पैसा कोठे आहे

आपल्या यादीत काय आहे यावर दार ठरते, म्हणून एकच अर्ज सगळीकडे पाठवू नये.

हस्तलिखिते, मोडी रुमाल आणि जुनी दप्तरे असतील तर केंद्राच्या राष्ट्रीय अभिलेखागाराकडे पाहावे. संस्थांकडील दुर्मीळ कागदपत्रांचे जतन, सूचीकरण आणि प्रकाशन यांसाठी तेथून साहाय्य दिले जाते. हस्तलिखितांसाठी २००३ मध्ये राष्ट्रीय पांडुलिपी मिशन सुरू झाले आणि २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात त्याच क्षेत्रासाठी ज्ञान भारतम् मिशनची घोषणा झाली. छापील ग्रंथ या व्याख्येत बसत नाहीत, ते कितीही जुने असले तरी.

छापील ग्रंथ, कपाटे, वाचनालयाची इमारत यांसाठी कोलकात्याचे राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान आहे. तिकडचा रस्ता जिल्हा ग्रंथालय अधिकारी आणि ग्रंथालय संचालनालय यांच्यामार्फत जातो, त्यामुळे वाचनालयाला १९६७ च्या कायद्याखाली शासनमान्यता असणे आणि अ, ब, क, ड यांपैकी वर्ग मिळालेला असणे फार उपयोगी पडते. सोलापूर जिल्ह्यात शतक ओलांडलेली वाचनालये आहेत आणि प्रतिष्ठानाकडे अशा वर्धापनाच्या निमित्ताने साहाय्य देण्याची तरतूद आहे. हे अनेक कार्यवाहांना शताब्दीचा सोहळा उरकल्यावर कळते.

वस्तुसंग्रहालय उभारायचे किंवा सुधारायचे असेल तर केंद्रीय सांस्कृतिक मंत्रालयाची संग्रहालय अनुदान योजना आहे. तिच्यात खर्चाचा काही हिस्सा संस्थेने स्वतः उचलायचा असतो, म्हणून तो कोठून येणार याचे पत्र आधीच जोडावे. सिद्धेश्वर यात्रेतील सात नंदीध्वज, अडुसष्ट लिंगांचा तैलाभिषेक, संमती कट्ट्यावरचा अक्षता सोहळा यांसारख्या जिवंत परंपरेचे दस्तऐवजीकरण करायचे असेल, तर अमूर्त सांस्कृतिक वारशाची योजना संगीत नाटक अकादमीमार्फत चालते. संशोधन, परिसंवाद आणि ग्रंथप्रकाशन यांसाठी १९७२ पासून काम करणारी भारतीय इतिहास अनुसंधान परिषद आहे आणि तेथे एकट्या अभ्यासकालाही वाव आहे. बंगळुरूचे इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स कला, संग्रह आणि संग्रहालये यांवरील प्रकल्पांना व्यक्तिशःही अनुदान देते.

परदेशी निधीत ब्रिटिश लायब्ररीचा एन्डेंजर्ड आर्काइव्ह्ज प्रोग्रॅम आपल्या कामाच्या सर्वांत जवळचा आहे. नष्ट होण्याच्या मार्गावरील जुने कागद जागच्या जागी डिजिटल करायचे आणि मूळ कागद देशातच ठेवायचे, असे त्याचे तत्त्व आहे. मात्र परदेशी रक्कम घेण्यासाठी विदेशी अंशदान कायद्याची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी हवी आणि दिल्लीतील स्टेट बँकेच्या मुख्य शाखेत खाते हवे. लहान संस्थेने त्या वाटेला एकटीने जाऊ नये, विद्यापीठाला सोबत घ्यावे.

आता कंपन्यांविषयी. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार ५०० कोटी रुपयांची निव्वळ मालमत्ता, १००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा यांपैकी एक निकष पूर्ण करणाऱ्या कंपनीला मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. त्या कायद्याच्या सातव्या अनुसूचीत राष्ट्रीय वारसा, कला, संस्कृती, ऐतिहासिक वास्तूंचे जतन, सार्वजनिक ग्रंथालये आणि पारंपरिक हस्तकला यांचा उल्लेख आहे. सोलापुरात येथे एक गैरसमज हमखास आढळतो. आपल्याकडे साखर कारखाने पुष्कळ, म्हणून मंडळी आधी कारखान्याच्या चेअरमनकडे जातात. सहकारी साखर कारखाना किंवा सहकारी सूतगिरणी ही कंपनी कायद्याखालची कंपनी नसल्यामुळे तिला हे कलम लागू होत नाही. ते देतील ती देणगी, आणि त्यासाठी ८०-जी पावती पुरेशी आहे. खासगी साखर कंपन्या, सार्वजनिक क्षेत्रातील वीज प्रकल्प, खासगी बँका यांच्याकडे जाताना मात्र संस्थेचा सीएसआर-१ क्रमांक (असा कंपनी निधी घेण्यासाठी केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे केलेल्या नोंदणीचा) आणि तीन वर्षांच्या कामाचा पुरावा लागतो. अर्थात चेअरमनना भेटू नये असे मी म्हणत नाही; चहा चांगला मिळतो आणि जुने फोटोही अनेकदा तेथेच भिंतीवर टांगलेले असतात.

अर्जाचा मजकूर

परीक्षकाला तीन गोष्टी पाहिजेत : काय नष्ट होत आहे, तुम्ही नक्की काय करणार आणि काम संपल्यावर कोणाला काय वापरता येईल. पहिल्या गोष्टीसाठी यादी आहेच. शिवाय आजवर काय नोंदले गेले आहे आणि आपले साहित्य त्यात कोणती भर घालते, हे दाखवावे लागते. मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा सोलापूरविषयक विसावा खंड १८८४ मध्ये निघाला. आपल्या चोपड्या १९३४ च्या असतील, तर त्या काळातील मजुरी, सुताचा भाव आणि मागवाल्यांची नावे तेथे असणे शक्यच नाही, असे एका वाक्यात सांगता येते. हत्तरसंग-कुडल येथील शके ९४० चा मराठी शिलालेख अशा अर्जांत शोभेसाठी फार वेळा येतो. आपले काम हत्तरसंगचे नसेल तर तो तेथे नको.

काम मोजता येईल अशा शब्दांत लिहावे. समजा ४,००० पाने स्कॅन करायची आहेत आणि नाजूक कागदांमुळे दोन माणसे मिळून दिवसाला १५० पानेच नीट करू शकतात, तर केवळ स्कॅनिंगचे सत्तावीस कामाचे दिवस झाले. साफसफाई, नोंदी आणि तपासणी धरून तो काळ दुप्पट होतो. "तीन महिन्यांत" असे लिहिताना हा हिशेब खाली दाखवावा. प्रती किमान ३०० डीपीआयच्या (दर इंचाला ३०० ठिपके), मूळ फाइल टिफ या तपशील न गमावणाऱ्या स्वरूपात आणि तीन ठिकाणी साठवलेल्या असाव्यात, त्यांपैकी एक ठिकाण शहराबाहेरचे असावे. दर मनाने टाकू नयेत. दोन-तीन ठिकाणची कोटेशने घेऊन जोडावीत.

अंदाजपत्रकात सगळे पैसे यंत्रावर टाकण्याची आपल्याला खोड आहे. स्कॅनर चकचकीत दिसतो, उद्घाटनाला फीत कापता येते; पण काम अडते ते तेलुगू आणि मोडी वाचणाऱ्या माणसाच्या मानधनावर. आम्ही दुसऱ्या अर्जात स्कॅनर विकत घेण्याऐवजी भाड्याने दाखवला आणि वाचलेली रक्कम लिप्यंतराकडे वळवली. परीक्षकांनी नेमक्या त्याच ओळीचे कौतुक केले.

शाळांसाठीचा प्रकल्प असेल तर खर्च थोडा आणि परवानग्या अधिक, असे गणित असते. जिल्हा परिषदेच्या किंवा महापालिकेच्या शाळेत जायचे तर शिक्षण विभागाचे लेखी पत्र आधी घ्यावे. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन या चार हुतात्म्यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिली गेली, हे सोलापूरच्या मुलांना भाषणांतून माहीत असते. मुलांकडून काही करवून घ्यायचे असेल तर मी त्यांना आजी-आजोबांकडे पाठवीन. मिलचा भोंगा किती वाजता व्हायचा, पाळी बदलताना रस्ता कसा दिसायचा, घरात माग होता का, पगार कोणाच्या हातात पडायचा, असे पाच-सहा प्रश्न पुरतात. ध्वनिमुद्रण करताना बोलणाऱ्याची लेखी संमती घ्यावी. त्यात हे बोलणे शाळेपुरते, ग्रंथालयात की सर्वांसाठी इंटरनेटवर, हे पर्याय वेगवेगळे छापावेत. एका आजींनी पहिल्या दोन पर्यायांवर अंगठा दिला, तिसऱ्यावर दिला नाही. त्यांचे मुद्रण आजही कपाटातच आहे.

पैसे आल्यानंतर

अनुदानासाठी वेगळे खाते उघडावे. मंजुरीपत्रातील शीर्षे आणि आपल्या खतावणीतील शीर्षे शब्दशः एकच ठेवावीत. लिप्यंतराचे पैसे प्रवासखर्चात घालून नंतर समजावीत बसू नये. बदल हवा असेल तर खर्चाआधी पत्र लिहून मान्यता घ्यावी. केंद्रीय अनुदानाचे उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसे ठरलेल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला, केंद्राच्या सामान्य वित्तीय नियमांतील जीएफआर १२-ए या नमुन्यात सनदी लेखापालाच्या सहीने द्यावे लागते आणि ते गेल्याशिवाय पुढचा हप्ता सुटत नाही. मार्चअखेर सनदी लेखापाल कोणालाच सापडत नाहीत, म्हणून फेब्रुवारीतच बिले क्रमाने लावून त्यांच्याकडे पोहोचवावीत. खर्च न झालेली रक्कम लपवू नये, परत करावी. ती परत करणाऱ्या संस्थेचा पुढचा अर्ज अधिक विश्वासाने वाचला जातो.

कामाचे दिवस आखताना येथील हवामान धरावे. एप्रिल-मेमध्ये पत्र्याखालच्या माळ्यावर दुपारी माणूसही टिकत नाही आणि वाळलेला कागद घडीवर तुटतो. पावसाळ्यात ओल आणि कसर असते. जानेवारीचा पंधरवडा यात्रेत जातो, तेव्हा अर्धे स्वयंसेवक नंदीध्वजांबरोबर असतात. दिवाळीनंतर डिसेंबरअखेरपर्यंत आणि पुन्हा फेब्रुवारीत, एवढाच स्कॅनिंगचा खरा हंगाम. आमच्या त्या सात चोपड्या अशाच दोन हंगामांत पूर्ण झाल्या. मूळ चोपड्या मालकाच्या नातवाकडे परत गेल्या, एक प्रत वाचनालयात आणि एक विद्यापीठात आहे. चादरीच्या काठाच्या पट्टीला आम्ही स्वतंत्र क्रमांक दिला : ३-अ.